नानांच्या नावचे मूठभर गहू

लोक म्हातारपणी वडिलांना काशीला नेतात, रामेश्वरला नेतात. मी माझ्या वडिलांना खानदेशात नेलं, आणि तेही एक भाकर खाऊ घालायला. नागपुरात ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. मी शिकवते त्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "भाकरीसाठी एवढी रजा? नागपुरात ज्वारी मिळेनाशी झाली की काय?" मी नुसती हसले. काय सांगणार त्यांना, कपाळ!

ती भाकर साधी नव्हे. श्रावणात नागपंचमी झाली की येणार्‍या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या येतात ना, तितक्याच थाटानं. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, नवं लुगडं नेसवतात आणि ती देवी. तिच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट लागतात. त्या रोटांचे गहू मोजायची रीत अशी, की कुळातली सगळ्यांत वडील बाई टोपलीपुढे बसते आणि भाऊबंदांपैकी एकेकाचं नाव घेऊन एकेक मूठ गहू टोपलीत टाकते. दळण त्याच गव्हाचं, रोट त्याच पिठाचे, आणि खायचे ते ज्यांच्या नावची मूठ पडली त्यांनीच. पाहुण्याला नाही, शेजार्‍याला नाही, लग्न करून दिलेल्या लेकीलासुद्धा तुकडा नाही.

माझे आजोबा दगडू पाटील तरुणपणी गाव सोडून नागपूरला आले आणि कापडाच्या गिरणीत लागले. बरोबर माझी आजी, रुमली. आजोबा कुणब्याचे, आजी त्याच गावच्या भिलाटीतली, म्हणजे वेशीबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतली. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दाराबाहेर कुणालाच नाही. कुणी विचारलं तर 'आजी खानदेशातल्या' एवढं सांगून विषय बदलायचा, हे आम्हां पोरांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं. ते दोघं गाव सोडून गेले त्या श्रावणात भाऊबंदांनी आजोबांच्या नावची मूठ टाकली नाही. आजोबांना ते कुणीतरी येऊन सांगितलं. तेव्हापासून मरेपर्यंत तो माणूस श्रावणातल्या त्या रविवारी जेवला नाही, आणि आजी बिचारी आपल्यामुळेच हे झालं म्हणून चुलीपुढे तोंड लपवून बसायची.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. जन्म नागपूरचा, सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. कधी कशाचा हट्ट केला नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात आजारातून उठले आणि एक दिवस मला म्हणाले, "मनू, मरायच्या आधी एकदा माझ्या नावची मूठ पडलेली बघायची आहे." आमचे 'हे' म्हणाले, "नेऊन आण. नाही टाकली मूठ, तर निदान विचारलं होतं एवढं तरी समाधान राहील." मग काय, बांधली वळकटी.

जळगाव

जळगावला नानांचे एक जुने स्नेही आहेत, मोतीशेठ. कापसाचा धंदा. पार्सल ऑफिसात भांडता भांडता दोघांची मैत्री झालेली. शेठ स्वतः स्टेशनवर आले होते, डोक्याला पिवळं पागोटं, पायात करकरणारे जोडे. टांग्यातून जाताना मी आपली दोन्ही बाजूंना बघत होते. जिनिंगचे कारखाने बंद होते, कारण हंगाम नव्हता, पण गाव कसं हात पाय ताणून ऐसपैस बसलेलं. रस्ते रुंद, आणि माणसं मोठ्यानं बोलणारी. आमच्या नागपूरकरांना वाटतं की मोठ्यानं बोलायचा मक्ता आपल्याकडेच आहे. इथे येऊन बघावं.

शेठजींच्या घरी जेवायला बसलो आणि ताट बघून मी चाटच पडले. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वर तेल सोडलेला मिरचीचा ठेचा, आणि बाजूला मारवाडातून आलेलं केर-सांगरीचं लोणचं. शेठाणी तोंडावर घुंगट ओढून वाढत होत्या आणि घुंगटाआडून खास खानदेशी बोलीत सुनेला रागावत होत्या. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नानांनी मात्र पाणीही न मागता दुसरी भाकरी घेतली. मी मनात म्हटलं, हा माणूस नागपुरात जन्मला असेल, जीभ इथलीच आहे.

संध्याकाळी मेहरूणच्या तळ्यावर फिरायला गेलो. पाणी काठोकाठ भरलेलं, वारा सुटलेला. नानांनी शेठजींना प्रवासाचं खरं कारण तिथे सांगितलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा आईची जात सांगितली आणि मान खाली घालून बसले. मी शेठजींकडे बघत होते.

शेठजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "गणपतराव, माझे पणजोबा मारवाडातून आले. मी इथे जन्मलो, माझा बाप इथे जन्मला. तरी गावात मला काय म्हणतात? मारवाडी. अन् पोरांचं जावळ काढायला देवीला तिकडे जातो ना, तर तिकडचे म्हणतात, दखनी आले, दखनी! आता सांगा, मी कुठला?"

"तुम्ही?" नाना म्हणाले, "तुम्ही पार्सल उशिरा सोडवणारे."

दोघं म्हातारे इतके हसले की तळ्यावर कपडे धुणार्‍या बाया वळून बघायला लागल्या. हसू ओसरल्यावर शेठ म्हणाले, "जा तुम्ही. अन् विचारा. फार तर नाही म्हणतील." मला हा माणूस फार आवडला. निघताना त्यांनी रावेरकडची केळी म्हणून अख्खा घड बरोबर दिला. नको नको म्हटलं, पण खानदेशी आग्रहापुढे आजवर कुणाचं चाललंय! तो घड म्हणजे आमच्याबरोबरचा तिसरा उतारूच होता.

धुळे

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरलो. पांझरेला पूर होता. पाणी असं गढूळ आणि घाईत, की काठावर उभं राहिलं तरी पाय मागे घ्यावेसे वाटावेत. नदीपलीकडे एकवीरेचं देऊळ आहे, तिथे आम्ही नारळ ठेवला. धुळ्याचे रस्ते एखाद्या हुशार पोरीनं पट्टी ठेवून आखावेत तसे सरळ. आमच्या नागपुरातल्या महाल भागात वाट चुकलेला माणूस दोन बोळांनी परत त्याच बोळात येतो. इथे चुकायची सोयच नाही.

बाजारात कानबाईची गर्दी उसळलेली. नारळ, बांगड्या, लुगडी, गजरे. एका बांगड्यावालीनं माझा हात दाबून बांगड्या चढवता चढवता विचारलं, "बाई, तुमना घर कानबाई बसस का?" तुमच्याकडे कानबाई बसते का, असं तिचं विचारणं. मी म्हटलं, "नाही हो, अजून नाही." तिनं 'अरे देवा' म्हणून जीभ चावली आणि चार बांगड्यांवर एक बांगडी फुकट चढवली. कीव आली असावी.

मी धर्मशाळेत परतले तर नाना खिडकीशी बसून उत्तरेकडे बघत होते. पाऊस उघडला होता आणि ढगांच्या खाली डोंगराची निळी रेघ दिसत होती. "माझी आई नागपुरात गच्चीवर जाऊन अशीच बघायची," ते म्हणाले. "तिथून काय दिसणार होतं? पण बघायची." मला आजीची आठवण झाली. डोळ्यांच्या कडांना तिनं गोंदलं होतं, तीन तीन ठिपके. लहानपणी मी ते बोटानं पुसायला बघायची आणि ती हसायची. त्या रात्री मला आजीची फार, फार आठवण आली.

सोनगीरच्या पुढे

दुसर्‍या दिवशी आग्रा रोडनं जाणारी सर्व्हिस मोटार धरली. मोटारीत माणसं, कोंबड्या, एका गृहस्थाची शेळी आणि आमचा केळ्यांचा घड. नानांना डुलकी लागली, मी खिडकीबाहेर बघत होते. काय ती जमीन! काळी कुळकुळीत, जणू नुकतं तेल लावलेलं, आणि तिच्यावर कपाशीची हिरवीगार रांग रांग. आमच्याकडेही काळी जमीन आहे, पण इतकं मोठं आभाळ नाही. मी त्या आभाळाकडे बघत राहिले आणि तेवढ्यात शेळीनं केळ्यांच्या दोन फण्या सालीसकट फस्त केल्या. शेळीवाल्याला मी चांगलंच सुनावलं. तो हात जोडून म्हणाला, "बाई, ती रावेरनीच शे. तिले माहेरनी वळख पटनी." अख्खी मोटार हसली. मलाही हसू आवरेना, मग कसलं भांडण अन् कसलं काय.

सोनगीरला उतरलो. डोक्यावर किल्ला, खाली तांब्यापितळेची भांडी ठोकणार्‍यांची आळी. ठोक्यांचा असा गजर, की बोलायचं तर खुणांनी. आमच्या घरात आजोबांनी आणलेला एक पितळी तांब्या आहे, त्याच घडणीचे तांबे इथे दुकानादुकानात लटकलेले पाहिले आणि मला उगीचच कुणी ओळखीचं भेटल्यासारखं झालं.

तिथून बैलगाडी. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, त्या माणसांना उगाच त्रास नको. वेशीशी आल्यावर गाडीवानानं विचारलं, "कोना घर जानं शे?" मी म्हणाले, "पाटलांच्या." नाना म्हणाले, "भिलाटीत."

"अहो नाना," मी म्हटलं, "ज्यांच्याकडे काम आहे त्यांच्याकडे आधी जाऊ. उद्या गहू मोजायचे आहेत. भिलाटीत जाऊन आलो हे कळलं तर ते दारात तरी उभं करतील का?"

"मामाच्या घरावरून पुढे गेलो तर आई काय म्हणेल?" नाना म्हणाले आणि गाडीतून उतरून चालूसुद्धा लागले. हा माणूस जन्मात कधी हट्ट करत नाही म्हणून मी वर लिहिलं ना? ते खोडून टाका.

भिलाटी म्हणजे कुडाच्या भिंतींची, सारवलेल्या अंगणांची वीसेक घरं. इतकी स्वच्छ, की माझ्या चिखलानं भरलेल्या वहाणांची मलाच लाज वाटली. आजीच्या भावाचा मुलगा भुर्‍याआबा अजून होता. काळा, काटक, केस सगळे पांढरे. नानांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आईचं सांगितलं. आबा नानांच्या पायांकडे बघत राहिला. नानांच्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्याहून लांब, जरा वाकडं. माझंही तसंच. आबानं आपला पाय त्यांच्या पायाशेजारी आणून ठेवला. हुबेहूब तेच बोट!

"पाय फुईना शेत," आबा म्हणाला. पाय आत्याचे आहेत. आणि नानांना मिठी मारून तो ओक्साबोक्शी रडायला लागला. आमच्याकडे पुरुषमाणसं अशी रडत नाहीत, दाराआड जाऊन नाक शिंकरतात. इथे दोन म्हातारे भर अंगणात रडत होते आणि भोवतीच्या बाया त्यांच्याबरोबर रडत होत्या, आणि मीही, अर्थातच.

मग जेवण. ज्वारीची भाकर, कुरडूची रानभाजी, लसणीची चटणी. जेवता जेवता आबानं सांगितलं की रुमली दगडूबरोबर निघून गेल्यावर पाटलांनी जसं त्याला तोडलं, तसं भिल्लांच्या पंचांनीही तिच्या बापाला वाळीत टाकलं होतं. जातीला जेवण घातल्यावर मग परत घेतलं. "म्हंजे लाज दोन्हीकडे सारखीच की!" मी म्हणाले. आबा हसला आणि म्हणाला, "आते जेव. लाज सरनी, भाकर शे." लाज संपली, भाकर आहे. मी दोन भाकरी खाल्ल्या.

आम्ही भिलाटीत पाणी प्यालो, जेवलो, हे आम्ही पाटलांच्या दाराशी पोचायच्या आधी तिथे पोचलं होतं.

पाटलांची ओसरी

नानांचे चुलतभाऊ हिलालभाऊ दारात उभे होते. पन्नाशी उलटलेला भारदस्त माणूस, आवाज गोड. त्यांनी नानांच्या पायांवर डोकं ठेवलं, मला 'ताई' म्हणून बोलावलं, ओसरीवर घोंगडी अंथरली. केळ्यांचा उरलेला घड पाहून पोरं नाचली. संध्याकाळी जेवायला खापरावरची पुरणपोळी! उपड्या खापरावर हातानं पसरलेली, पातळ, रुमालाएवढी मोठी. घरातल्या दोघी सुना ती अशा लीलया पसरत होत्या की मी चुलीपुढून हलेना. आमच्या पोळ्या म्हणजे यापुढे बिस्किटं. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. घरच्यांना ताटं होती आणि आम्हां दोघांना पत्रावळी.

जेवण झाल्यावर हिलालभाऊ नानांच्या जवळ सरकून बसले. गावाबाहेरच्यांशी ते शुद्ध मराठी बोलतात. म्हणाले, "दादा, तुम्ही आमचं रक्त आहात. मला नाही म्हणवत नाही. पण उद्या सगळे भाऊबंद येतील. भिल्लिणीच्या पोराच्या नावची मूठ पडली तर ते रोट खाणार नाहीत. म्हणून मी एक तोड काढली आहे. दगडूकाकांची पहिली बायको होती, आमच्या जातीची. बाळंतपणात गेली. पोरही गेलं. पण आता हे कोणाला आठवतंय? आपण म्हणू, पोर जगलं. काकांनी त्याला नागपूरला नेलं. ते पोर म्हणजे तुम्ही."

"आणि आजच्या भिलाटीचं काय?" मी विचारलं.

"दाईच्या माणसांना भेटायला गेले होते म्हणू. सांभाळणारी म्हणजे दाईच की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "भाऊ, जिनं नऊ महिने पोटात वाढवलं तिला तुम्ही दाई..."

"मनू, गप्प बस," नाना म्हणाले. त्यांनी हिलालभाऊंना 'बरं' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. अंगावर पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडले. हिलालभाऊ वाईट माणूस नव्हे, हे मला आज लिहितानाही म्हणायचं आहे. त्याला नानांना रोट खाऊ घालायचाच होता. त्याला फक्त तेवढ्या एका बाईची अडचण होती.

शनिवार

सकाळी ओसरी माणसांनी भरून गेली. भाऊबंदांची बरीच घरं. मध्ये सारवलेल्या जागी मोठी टोपली, शेजारी गव्हाची रास, आणि राशीशी सोनाअक्का. सोनाअक्का म्हणजे हिलालभाऊंची आई, माझ्या आजोबांची धाकटी भावजय. कुळातली सगळ्यांत वडील. हाडाची मोळी झालेली, कानानं कमी, पण गहू उचलताना हात जराही हलत नव्हता. काल ती आमच्याशी शब्दही बोलली नव्हती. आम्ही दिसतच नसल्यासारखं तिचं बघणं मला टोचलं होतं.

हिलालभाऊ घराघराप्रमाणे एकेक नाव मोठ्यानं सांगत, अक्का ते परत म्हणे आणि मूठ टोपलीत टाके. गहू पडल्याचा सर्रकन आवाज होई. तान्ह्या पोरांचीही नावं घेतली, आणि तेव्हा त्यांच्या आया पोरांचे हात टोपलीला लावत. बघताना माझं मन भरून आलं. आमच्याकडे घरात माणसं किती हे शिधापत्र लिहिणाराच विचारतो. इथे देवी विचारते.

सगळी नावं झाली. हिलालभाऊंनी घसा खाकरला. "अन् दगडूकाकांचे गणपत. पहिलीचे. नागपूरले र्‍हातस."

अक्कानं मूठ भरली. नाना उठून उभे राहिले.

मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो की काय. पण आवाज पार्सल ऑफिसातला होता, सगळ्या फलाटाला ऐकू जाणारा. "अक्का, थांबा. मी पहिलीचा नाही. ते पोर गेलं, त्याच्या जागेवर मला बसवू नका. माझ्या आईचं नाव रुमली. ती या गावच्या भिलाटीतली, भिल्लाची. मी तिच्या पोटचा. या नावानं मूठ पडत असेल तर टाका. नाहीतर राहू द्या, माझी काही तक्रार नाही."

हिलालभाऊंनी डोळे मिटून घेतले. मग कोपर्‍यातून एक जाडजूड मिशांचे गृहस्थ म्हणाले, "मंग राहूच द्या. अक्का, ती मूठ राशीमा परत टाक. आमना घरना कोनी तो रोट खावाव नहीत." त्यांच्या मागे दोनतीन माना हलल्या. नाना खाली बसले. मी त्यांचा हात धरला. मी ठरवलं, आत्ताच्या आत्ता गाडी जुंपायला सांगायची.

अक्काची मूठ अजून वरच होती. तिनं विचारलं, "काय म्हने तो? मोठ्यान सांगा." हिलालभाऊंनी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. आईचं नाव सांगताना त्यांचा आवाज खाली गेला, पण अक्काला तेच नाव नेमकं ऐकू आलं.

"रुमली?" ती म्हणाली. आणि मग, बाई गं, ती म्हातारी बोलायला लागली. तिची बोली मला निम्मी कळली, निम्मी शेजारच्या सुनेनं कानात सांगितली. ती या घरात आली तेव्हा दहाअकरा वर्षांची पोर होती. सासू कडक, कुणी बोलायचं नाही, पोटभर जेवण नाही. रुमली रोज डोंगरातून सरपणाची मोळी घेऊन मागच्या दारी यायची. मोळीच्या आत पानात बांधलेली चारं, म्हणजे चारोळीची फळं, असायची, कधी टेंभुर्णीची पिकली फळं. मोळी उतरवताना रुमली हळूच म्हणायची, 'मधली लाकडं आधी काढ.' एवढंच. सासूला कधी कळलं नाही. "या घरमा मले पोटले पहिलं तिनी देखं," अक्का म्हणाली. या घरात माझ्या पोटाची विचारपूस पहिली तिनं केली. "ती गई तव्हय मनी सासूनी मूठ टाकी नही. मी पोर व्हती, काय बोलसू?"

मिशावाले म्हणाले, "अक्का, ते खरं. पन रीत..."

"माप कोन मोजस?" अक्कानं विचारलं.

सगळे तिच्या मुठीकडे बघायला लागले.

"मी ना? मंग बठ्ठा गप बसा." आणि तिनं मूठ टोपलीवर धरली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "गणपत. दगडूना, रुमलीना आंडोर." रुमलीचा मुलगा. सर्रकन गहू पडले.

नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजी वारल्यापासून तिचं नाव त्यांनी दुसर्‍या कुणाच्या तोंडून असं चारचौघांत ऐकलं नव्हतं, आणि इथे तर ते देवीच्या टोपलीवर घेतलं गेलं होतं. मिशावाले ताडकन उठले. म्हणाले, "आमना घरना गहू परत दे. आम्ही वायला रोट करसूत." म्हणजे वेगळे.

अक्कानं हात टोपलीत घातला आणि गहू खालीवर केले. मग टोपली त्यांच्याकडे सरकवली.

"वळखू येतस का तुमना? येतस तर निवडी ल्या."

ते गृहस्थ टोपलीकडे बघत राहिले. भोवतालच्या सुना पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, मग पोरं, मग स्वतः हिलालभाऊ. मिशावाले 'बरं बरं' असं काहीतरी पुटपुटत परत खाली बसले. बसले म्हणजे बसले! मी तर त्या म्हातारीच्या पायांवर डोकंच ठेवलं.

रविवार

कानबाई बसली. तिचं रूप काय सांगू, नथ घातलेली, भरल्या डोळ्यांची, घरातल्याच कुणा बाईसारखी. गॅसबत्तीच्या उजेडात बायांनी फेर धरला, मीही धरला. गाणी येत नव्हती तर नुसत्या टाळ्या वाजवल्या. भुर्‍याआबा अंगणाच्या कडेला ढोल वाजवत होता. ओसरीवर त्याला कुणी बोलावलं नाही, हेही लिहायला हवं. नाना दोनदा उठून त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले.

मग पानं मांडली. मी सासरची झालेली, माझ्या नावची मूठ नाही, म्हणून मला रोट नाही. मी दाराच्या चौकटीशी खीर घेऊन बसले. अक्कानं स्वतःच्या हातानं नानांच्या पुढे रोट ठेवला. नानांनी त्याला हात जोडले, तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांतून पाणी गालांवर, गालांवरून मिशीत. मला राहवेना.

"कसा आहे नाना?" मी विचारलं.

"काही विशेष नाही गं," नाना म्हणाले, "जरा कोरडाच आहे." आणि त्यांनी अक्कापुढे दुसर्‍या रोटासाठी हात पसरला.